तीनचाकी गाडी कोणाच्या उंचीची

बाळासाठी तीन चाकांची गाडी घ्यायची आहे, असं मुलीनं मला चांगलं समोर बसवून सांगितलं होतं. तरी मी पांगुळगाडा घेऊन आलो.

लाकडी, लाल-हिरव्या रंगाचा, ढकलला की टकटक वाजणारा. इतवारीच्या कोणत्या गल्लीत असले पांगुळगाडे अजून मिळतात हे शोधण्यात माझी अख्खी सुटी गेली होती. स्कूटरच्या पायदानावर तो उभा करून, दोन्ही गुडघ्यांनी दाबून धरून, मी मोठी कामगिरी केल्यासारखा घरी आलो. नात तेव्हा जेमतेम पालथी पडायला शिकली होती. बसवली की उशीसकट कलंडायची.

"बाबा, हे काय आहे?" मुलीनं विचारलं.

"तीनचाकी. तूच म्हणाली होतीस."

"बाबा, यात उभं राहून चालावं लागते. मी स्ट्रोलर म्हणत होते. ज्यात बाळ पडून राहते आणि आपण ढकलतो, ते."

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "राहू दे वं. त्याइले वाटलं, पोरगी परवा पायी पायी शाळेत जाईन."

माझ्या बाजूनं एवढंच सांगता येईल, की मी उतावळा झालो होतो. बाळ जन्मायच्या आधी त्याच्या नावानं घरात टाचणीही आणायची नाही, असा आमच्याकडे नियम. म्हणजे नियम बायकोचा. मी फक्त पाळतो. मुलगी बाळंतपणासाठी पुण्याहून नागपूरला माहेरी आली, तेव्हापासून मी खेळण्यांच्या दुकानांसमोरून मान खाली घालून जात होतो. बारसं झालं आणि नियम उठला. मग मी जो सुटलो तो झबली, टोपरी, खुळखुळे, मच्छरदाणी, दिसेल ते आणत सुटलो. त्यातलं निम्मं बाळाच्या मापात बसेना आणि उरलेलं बायकोच्या पसंतीत.

पांगुळगाडा माळ्यावर गेला आणि मी खऱ्या तीनचाकीचा अभ्यास सुरू केला. मुलीनं तीन चाकं का म्हटलं होतं, हे मी तिला विचारलं नाही, कारण मला ते आपोआप पटलं होतं. आमच्या भागातले रस्ते सिमेंटचे झाल्यापासून रस्ता वर आणि घरं खाली अशी परिस्थिती आहे. फाटकातून निघालं की आधी चढ, मग कडेला फरशीसारखे बसवलेले गट्टू, त्यातले बरेचसे उखडलेले, आणि मग सिमेंटचा वीतभर उंच काठ. बारक्या चार चाकांची गाडी तिथं अडकणारच. पुढे एकच मोठं, हवा भरलेलं चाक असलं, की दांडा किंचित दाबायचा, चाक उचललं जातं, गाडी वर. हे मी फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं आणि ऑफिसात डबा खाताना सगळ्यांना हातवारे करून समजावलं. एकानं पोळी तोंडात धरूनच विचारलं, "साहेब, नातीले गाडी घेऊन राहिले, का ट्रॅक्टर?"

मी हसण्यावारी नेलं. ज्याच्यापुढे मोठं काम असतं त्यानं असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नसतं.

आणि काम मोठंच होतं. आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बगीच्याचं फाटक गुरं शिरू नयेत म्हणून लोखंडी दांड्यांनी नागमोडी केलेलं आहे. माणूस अंग चोरून जातो, माझ्यासारखा माणूस जरा जास्त चोरून जातो, पण बाळाची गाडी जाणं शक्य नाही. मी माळ्याला गाठलं. मागचं दार सकाळी उघडं ठेवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही सांगून टाकलं, की थंडी जराशी सरली की एक नवीन सभासद येणार आहे, तेव्हा राजकारणावरच्या आरोळ्या जरा खालच्या आवाजात.

आता कोणी विचारील, मुलगी नोकरीवर पुण्याला परत जाणार, तर नात नागपूरच्या बगीच्यात कशी काय राहणार? हे मला तेव्हा कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

मुलीची सुटी संपत आली होती. जावई दिवसभर कंपनीत. तिच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांनाच उठाय-बसायला माणूस लागतं. "आईशिवाय माझं काही जमणार नाही," असं मुलगी आल्यापासून म्हणत होती, आणि त्यावरून मी माझं गणित मांडलं होतं. आईशिवाय जमणार नाही. आई नागपुरात. म्हणजे बाळ नागपुरात. वर्ष-दीड वर्ष तरी मुलगी येऊन-जाऊन राहील, बाळ आमच्याकडे वाढेल, आणि मी सकाळी ऑफिसच्या आधी त्याला फिरवीन. इतकं सरळ गणित मी सरकारी नोकरीतही कधी मांडलं नव्हतं. ते कोणाला तपासायला मात्र दिलं नाही.

रविवारी आम्ही धरमपेठेतल्या एका दुकानात गेलो. मी, बायको, मुलगी आणि मुलीच्या खांद्यावर झोपलेली नात. दुकानातली मुलगी चुणचुणीत होती. तिनं दोन तीनचाक्या समोर आणून ठेवल्या. एक हलकी, बारीक चाकांची. दुसरी रुंद, मोठ्या टायरांची. मी स्कूटरचा पाहावा तसा दुसरीचा टायर अंगठ्यानं दाबून पाहिला.

"पंक्चर झालं तर?"

"कोणताही सायकलवाला काढून देते, काका."

मला ती मुलगी फार आवडली. मी बायकोची पिशवी गाडीत ठेवली, पट्टा बांधला आणि दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी पळवली. वळणावर एक चाक उचललंही गेलं.

"काका, जरा हळू, तिकडे काच आहे."

"पोरगी असती त्यात तर?" बायको म्हणाली.

"पोरगी असती तर हळूच चालवली असती. आता तुझी पिशवी आहे."

दुकानातली मुलगी हसली. मी रंगात आलो. रस्ता, गट्टू, सिमेंटचा काठ, सगळं आमच्या मुलीला पुन्हा ऐकवलं आणि म्हटलं, मोठीच घे. ती चटकन म्हणाली, "बाबा म्हणतात तीच घेऊ." माझं ऐकून ही मुलगी एवढ्या लवकर कधी काही घेत नाही. लग्नाचा शालूही तिनं मी नको म्हटलेला घेतला होता. पण माणसाला जिंकल्यासारखं वाटत असलं की तो असल्या गोष्टींचा विचार करत नाही.

मग दुकानातल्या मुलीनं गाडीच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंची बटणं दाबून दाखवली. "हा दांडा वर-खाली होते. जास्त करून कोण चालवणार आहे? त्यांच्या उंचीवर लावून देते."

मी पुढे सरकलो. पोट आत घेतलं, कारण पोटामुळे माणूस दांड्यापासून लांब उभा राहतो आणि माप चुकतं.

"आई चालवणार," मुलगी म्हणाली.

बायकोनं पदर खोचला आणि माझ्या बाजूनं पुढे होऊन दांडा धरला. मला तिनं ढकललं नाही, पण मी बाजूला झालो.

"उंच होते का, आई?"

"जराशी."

कट्, असा आवाज झाला. दांडा खाली आला.

"आता?"

"आजून एक घर खाली घे."

कट्.

"हं. आता बरोबर."

खरंच बरोबर होतं. तिचे कोपर अंगाशी सैल पडले होते, खांदे उचललेले नव्हते. ती अशी आरामात उभी असलेली मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"ब्रेकची सवय कर हं, आई," मुलगी म्हणाली. "आपल्या सोसायटीत गेटपासून लिफ्टपर्यंत उतार आहे."

बायकोनं चप्पल जराशी मागे घेतली, पायानं मागची पट्टी दाबली, ब्रेक लावला, पायानंच उचलून काढला, पुन्हा लावला. पहिल्याच वेळी.

"काकूंना तर सगळं येते!" दुकानातली मुलगी म्हणाली.

"रोज पाहते न मी फोनवर," बायको म्हणाली.

दुपारी ती फोनवर काय पाहते, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, लोणच्याचे व्हिडिओ.

"कोणत्या सोसायटीत?" मी विचारलं.

आमचं घर लेआउटमध्ये आहे. आमच्याकडे लिफ्ट नाही. उतार आहे, पण तो पावसाचं पाणी घरात यायला आहे. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. दुकानातली मुलगी खोकं शोधायला आत गेली. असल्या प्रसंगी आत जायला शहाणपण लागतं.

"बाबा, घरी बोलू," मुलगी म्हणाली.

घरी येताना ऑटोत खोकं माझ्या मांडीवर होतं. त्याच्यापलीकडचं मला काही दिसत नव्हतं. ऑटोवाल्यानं मागे वळून विचारलं, "पोते के लिये लिया क्या, भैया?" मी म्हणालो, "पुणे के लिये लिया." त्याला काही कळलं नाही.

घरी मुलीनं सगळं नीट सांगितलं. एवढ्या लहान बाळाला पाळणाघरात ठेवायला मन घेत नाही. घरी बाई ठेवली तरी घरचं कोणी नजर ठेवायला हवं. बाळाला नागपुरात ठेवून आपण पुण्यात राहणं तिला एक दिवसही जमणार नाही. आई तिच्याकडे राहील, बाळ शाळेत जाईपर्यंत तरी. तीन चाकं तिच्या सोसायटीभोवतीच्या फिरायच्या वाटेसाठी हवी होती. माझी नोकरी अजून आहे, नाहीतर मलाही नेलं असतं. सुट्या काढून मी येत जावं. "तुम्हाला सांगणारच होतो, बाबा. तुम्ही इतके खूश दिसत होते, की कसं सांगावं ते समजेना." मग नात रडायला लागली आणि ती तिला घेऊन आत गेली.

नंतर हळूहळू कळत गेलं, की जावयानं तिकिटं काढून ठेवलेली होती. शेजारच्या बाईंना तुळशीला पाणी घालायचं सांगून झालं होतं. दूधवाल्याला पुढच्या महिन्यापासून एकच पिशवी टाकायला सांगितली होती. म्हणजे माझी बायको मला सोडून पुण्याला चालली आहे, हे दूधवाल्याला माझ्या आधी माहीत होतं. रोज सकाळी फाटकाशी तो मला "कसे आहात काका?" विचारायचा आणि मी म्हणायचो, "मजेत."

राग आला होता. पण तो कोणावर काढायचा? मुलीचं चुकलं नव्हतं. बाळाचं तर नव्हतंच. सगळ्यांचं बरोबर होतं, आणि त्या सगळ्या बरोबरमध्ये मी कुठं बसतो हे कोणाला मोजून पाहावंसं वाटलं नव्हतं. बायकोलाही नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. ती वांगी चिरत होती.

"काहून सांगितलं नाही मले?"

"सांगितलं असतं तर काय म्हटलं असतं तुमी?"

तिनं चाकू थांबवला. खरंच उत्तरासाठी थांबवला. मला बरंच काही म्हणता आलं असतं. जाऊ नको, असं म्हणता आलं असतं. तू गेलीस तर या घरात मी बोलू कोणाशी, असंही म्हणता आलं असतं. हे वाक्य मला आत्ता, लिहिताना सुचतं आहे. त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं ते असं होतं:

"मंग माझ्या जेवणाचं काय?"

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं वांग्याच्या फोडी पाण्यात टाकल्या, हात पुसले.

"डबा लावला हाये. मागच्या गल्लीतल्या बाईकडे. तिखट कमी सांगितलं."

"तुले जायचंच हाये म्हणजे."

"हो," ती म्हणाली. "हा ओटा तुमच्या आईच्या उंचीचा. पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या म्या, पोरगी होऊन तिले पोरगी झाली तरी. कोणी विचारलं का मले, उंच होते का म्हणून? आज विचारलं. दुकानातल्या पोरीनं अन् आपल्या पोरीनं. मी जाऊन राहिली."

ती मागचं दार उघडून अंगणात गेली, टाचा उचलून तारेवरचे वाळलेले कपडे काढू लागली, आणि टाचा तशाच ठेवून, माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"अन् ही तार खाली-वर काही करू नका. आता कपडे तुमालेच वाळू घालायचे हायेत, अन् उंची तुमचीच हाये."