जुन्या निशाणाचा टाका

पेन्शनीवर आलेल्या आमच्या यांनी मला त्यांच्या पलटणीचं देऊळ दाखवलं. देवाशेजारी जुनं निशाण होतं, रेशीम जागोजागी विरलेलं. माझा हात शिवणाचा. मी हळूच म्हटलं, "दोन टाके घालू का?"

हे हसले. "अगं वेडे, जुन्या निशाणाला टाका घालत नाहीत. फाटलं तरी असंच जपायचं."

त्या निशाणासमोर शपथ घेतलेले कितीतरी जण परतले नसतील. हे परतले, भाजलेला हात घेऊन. तो हात ते भर उन्हाळ्यातही माझ्यापासून बाहीत लपवतात.

घरी ते मोरीत हात धूत होते; मी दिसताच त्यांनी बाही खाली ओढली.

"राहू द्या," मी म्हटलं, "तुमच्या निशाणाला कुठं कुणी झाकलंय?"

ओली बाही त्यांनी सावकाश वर सरकवली.