लाल गाडीची खंडेनवमी

ती लाल गाडी मी रस्त्यावर धावताना एकदाच पाहिली, तीही आमच्याच ठाण्याकडे येताना. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जुन्या गोष्टी निघाल्या की आधी ती गाडीच डोळ्यांसमोर येऊन उभी राहते. तेव्हा मी सांगली जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. नावं कुणाचीच घेणार नाही. त्यातल्या एकाशी माझं अजून येणं-जाणं आहे.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक जुन्या गाड्यांचा व्यापारी फिर्याद द्यायला आला. त्याच्या गाडीबाजारातून दोनच माणसं बसतील अशी लाल परदेशी स्पोर्ट्स कार चोरीला गेली होती. फाटकाचं कुलूप शाबूत, कपाटातली किल्ली गायब आणि रात्रपाळीचा वॉचमन जागेवर नाही. संशय कोणावर, असं ठाणे अंमलदारानं विचारलं तेव्हा व्यापाऱ्यानं वॉचमनचं नाव सांगितलं.

वॉचमन जावळीतला, मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावचा, फौजेतून निवृत्त झालेला. आमच्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गाव ‘मेजर’ म्हणतं, मग तो शिपाई म्हणून का निवृत्त झालेला असेना. हेही मेजरच. निरोप मिळताच स्वतःहून ठाण्यात हजर झाले. नवरात्राचे उपवास होते, पायांत चप्पल नव्हती. खुर्ची दिली तरी बसेनात.

“मालकांनीच सांगितलं साहेब. म्हणले, मेजर, घट बसत्यात, जावा घरला. मी गेलो.”

“लेखी काही?”

“आवं साहेब, घरला जायाला कोण लिवून देतंय व्हय?”

व्यापाऱ्याला वेगळं बसवून विचारलं. तो म्हणाला, “मी कशाला जा म्हणू? सणासुदीचं उलट जास्त लक्ष ठेवा म्हणलो होतो.” शब्दाला शब्द. साक्षीदार नाही. रस्त्यावरचा कॅमेरा नेमका बंद. आमच्या धंद्यात ‘नेमका’ हा शब्द आला की मला चहा कडू लागतो.

पंचनाम्याला गेलो तेव्हा त्या गाडीची जन्मकुंडली कळली. विट्याकडचा एक गलाईवाला, म्हणजे परमुलखात सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान चालवणारा माणूस, हौसेनं ती गाडी गावाकडे घेऊन आला होता. घरातली माणसं त्यात मावेनात, म्हणून त्यानं ती एक्स्चेंजमध्ये देऊन सात जणांची मोठी गाडी नेली. तेव्हा बाजार तेजीत होता. व्यापाऱ्यानं लाल गाडीला तोंड भरून किंमत धरली. आणि मग मंदी आली. द्राक्षाला दर नाही, बांधकामं थंडावलेली, हौसेची गाडी घेणार कोण? बघायला मात्र रोज माणसं यायची. गाडीला टेकून फोटो काढायची आणि शेजारची जुनी जीप ठरवून जायची. एका म्हाताऱ्यानं तर विचारलं होतं, “ह्यात वैरण कुठं टाकायची रं?” गाडी इतकी बुटकी की आमच्या गावोगावच्या गतिरोधकांवर तिचं पोट घासायचं. व्यापाऱ्यानं किंमत उतरवली, पुन्हा उतरवली. गिऱ्हाईक म्हणायचं, अजून उतरंल, दिवाळीनंतर बघू.

यातली खोच मला विम्याच्या माणसानं समजावली. बाजारात गाडीची किंमत महिन्याला घसरते. विम्याच्या कागदावर ती वर्षभर तीच राहते. म्हणजे ती गाडी विकली जाण्यापेक्षा चोरीला जाणं जास्त फायद्याचं होतं.

ज्याची वस्तू जाते तो पोलिसाला पहिल्यांदा विचारतो, “साहेब, मिळंल का हो?” या माणसानं विचारलं होतं, “पंचनाम्याची प्रत कधी मिळंल?” हे मी मनात ठेवलं. पण मनातलं कोर्टात चालत नाही. वरिष्ठांचा फोन रोज येत होता. किल्ली कुठे असते ते वॉचमनला माहीत, तो गैरहजर, मग अटक का नाही? मी मुदत मागितली. ते म्हणाले, “दसऱ्यापर्यंत. मग मला कारणं नकोत.”

मेजरांच्या घराची झडती घेणं भाग होतं. मेजरांना आणि स्थानिक ठाण्याचे लोक बरोबर घेऊन गेलो. सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावले, कारण आत घट बसलेला होता. मेजरांची बायको देवघराच्या दाराशी उभी राहिली. किल्लीसाठी आम्ही कणगीत हात घातले, ट्रंक उघडली, तिच्यातली इस्त्रीची वर्दी उलटीपालटी केली. सापडलं काही नाही. पण अख्खा गाव अंगणाबाहेर गोळा झाला होता आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

परतताना जीपमध्ये मेजर पहिल्यांदा स्वतःहून बोलले. “साहेब, आत टाकायचं तर टाका. पण दसऱ्याला समदा गाव माज्या दारात सोनं द्याया येतो. औंदा कोण यायाचं?” मला तेव्हा भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हेही कळत नव्हतं.

खबर आली ती आमच्याच महिला हवालदाराकडून. तिचं सासर तासगावच्या बाजूला. ती म्हणाली, “सर, बेदाण्याच्या शेडांकडं जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर कुणीतरी मुरूम टाकलाय. दाबून, लेवल करून.”

“मग?”

“बेदाणा उन्हाळ्यात होतो सर. आत्ता तिकडं कुत्रंबी फिरकत न्हाई. ट्रॅक्टरला मुरूम लागत न्हाई.”

बुटक्या पोटाच्या गाडीला लागतो! पण त्या रस्त्याला शेडं बरीच, मालक वेगवेगळे. एकेक उघडत बसलो असतो तर पहिल्या शेडापाशीच बोभाटा झाला असता आणि गाडी रातोरात हलली असती. ती कोणत्या शेडात आहे ते व्यापाऱ्याच्याच पायांनी कळायला हवं होतं. साध्या वेशातली माणसं दोन्ही टोकांना बसवली. व्यापारी फिरकला नाही. अष्टमी उजाडली. वरिष्ठांनी अटकेचा कागद तयार ठेवायला सांगितलं.

त्या संध्याकाळी व्यापाऱ्याला पुन्हा बोलावलं. उगाच इकडचं तिकडचं बोलत बसलो. उद्या खंडेनवमी, पूजेची तयारी झाली का, असं सहज विचारलं. माणूस एकदम खुलला. म्हणाला, “साहेब, आमच्यात लय कडक असतंय. आज्जाच्या वेळी गाड्याचं जू पुजायचं राहिलं आणि त्याच साली बैल गेला. तवापास्नं घरातल्या प्रत्येक चाकाला हार पडल्याशिवाय कर्ता पुरुष पाणीसुद्धा घेत न्हाई. उद्या या की जेवायला.”

मी येतो म्हणालो.

खंडेनवमीला गाडीबाजार नटला होता. ओळीनं गाड्या धुतलेल्या, झेंडूचे हार, चाकांखाली लिंबं. व्यापारी सोवळ्यात, अनवाणी, एकेका गाडीला हळदकुंकू लावत फिरत होता. शेवटी हवेच्या पंपालाही फूल वाहिलं. नारळ फुटला, आरती झाली. पंगत बसली, पुरणपोळी वाढली. त्यानं मला आग्रहानं पाटावर बसवलं.

“तुमी सुरू करा साहेब.”

“आणि तुम्ही?”

“मी आलोच. जरा एक काम हाय.”

त्याची बायको म्हणाली, “आवं, सकाळपास्नं पाण्याचा थेंब न्हाई. पूजा झाली न्हवं? आता तरी बसा.” त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातात पिशवी होती आणि पिशवीच्या तोंडातून झेंडू डोकावत होता.

सगळी चाकं पुजून झाली होती आणि कर्ता पुरुष जेवायला बसत नव्हता. भरल्या पानावरून उठू नये असं माझी आई सांगायची. त्या दिवशी उठलो.

एका शिपायाला घेऊन, खासगी गाडीतून, बरंच अंतर ठेवून मागे गेलो. तो आधी भलत्याच रस्त्याला वळला आणि एका टपरीपाशी थांबला. ओळखलं की काय, म्हणून मी गाडी आणखी मागे ठेवली. हा आता परत फिरला तर उद्या मेजरांना अटक, याशिवाय दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्यानं टपरीवरून कापूर घेतला आणि तासगावचा रस्ता धरला.

मुरमाच्या रस्त्याच्या तोंडाशी गाडी सोडून आम्ही बागेतून चालत गेलो. हवालदारबाई दोन पंच घेऊन बांधाआड थांबल्या होत्या. एका शेडाचा पडदा अर्धा वर होता. आत बेदाणा वाळवायच्या रिकाम्या जाळ्या, गंधकाचा जुना वास, आणि मध्ये ताडपत्री बाजूला सारलेली ती लाल गाडी. व्यापारी तिच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढत होता. माझा शिपाई पुढे सरकला, मी त्याचा दंड धरला. व्यापाऱ्यानं हार घातला, कापूर लावला, नारळ फोडला. मग वळला आणि मला पाहिलं.

हातातली नारळाची कवड त्यानं सवयीनं माझ्यापुढे केली. “प्रसाद, साहेब,” म्हणाला, आणि मटकन खालीच बसला.

पंचनामा चालू असताना मी एकच विचारलं. मेजरांच्या गळ्यात का घातलंत?

“फौजी माणूस साहेब. पेन्शन हाय. त्येला कोण काय करतंय, सुटंल, असं वाटलं.”

मी त्याच्यावर हात उगारला नाही, पण उगारावासा वाटला हे लिहून ठेवतो.

गाडी ठाण्यात आणताना वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासलं. मुद्देमाल म्हणून ती कडुलिंबाखाली उभी राहिली, धूळ खात आणखी स्वस्त होत गेली.

दुसऱ्या दिवशी दसरा. चौकशीसाठी ठाण्याच्या आसपासच थांबायला सांगितलेल्या मेजरांना आदल्या संध्याकाळीच घरी पाठवलं होतं. सकाळी पूर्ण गणवेश चढवला, झडतीला नेलेलीच जीप घेतली आणि मेढ्याच्या वाटेला लागलो. जीप गावात शिरताच दारं उघडली, माणसं मागे येऊ लागली. पुन्हा नेतायत, असंच सगळ्यांना वाटलं असणार. मेजर ओसरीवर उभे होते. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली, आणि सोनं द्यायला एकही माणूस आलेला नव्हता.

मी बूट काढले. टोपी सारखी केली. खिशातून आपट्याची पानं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि मागच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “सोनं घ्या मेजर. गाडी मिळाली. चोर तिचा मालकच निघाला.”

माणूस कुठे खोटं बोलतो ते शोधण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्या प्रकरणानं शिकवलं की तो कशात खोटं बोलू शकत नाही तेही बघावं. तो व्यापारी विम्याला, पोलिसाला, मेजरांना फसवू शकला, खंडेनवमीला नाही. आणि दुसरं असं, की आरोपी सापडला म्हणजे तपास संपला असं मी तोवर समजत होतो. झडतीला गेलेली जीप परत त्याच दारात नेऊन उभी करणं हेही तपासातच येतं. पुढच्या नोकरीत ते मी कधी चुकवलं नाही.

पानं हातात घेऊन, अनवाणी पाय जुळवून मेजरांनी मला कडक सॅल्यूट ठोकला. मीही उलट सॅल्यूट केला. हात खाली आणतो तोच गर्दीतून एक म्हातारी पुढे झाली आणि पदराची गाठ सोडत म्हणाली, “सरका की साहेब, आमालाबी सोनं द्यायचंय.”