आपलं छप्पर शेजाऱ्याला विचारावं

पन्हाळवाले चाचा माप घ्यायला आले की घरमालकाच्या दारात थांबत नसत. सायकल लावायची, शेजारच्या घराची कडी वाजवायची आणि तिथल्या ओट्यावर बसून गिऱ्हाइकाचं छप्पर निरखायचं, ही त्यांची रीत. लोकांना ते चमत्कारिक वाटे. चाचांचं उत्तर ठरलेलं होतं. "आपलं छप्पर आपल्याला दिसत नाय, भाऊ. शेजाऱ्याला दिसतं."

शहागंजच्या मागे एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. पत्र्याच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि छपराचं पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळी, एवढाच धंदा. वय सत्तरीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. मराठी बोलता बोलता हिंदीत शिरायचे आणि काही महत्त्वाचं सांगायचं असलं की पुन्हा मराठीत यायचे. एका बंगलेवाल्यानं म्हणे त्यांना बजावलं होतं, की शेजाऱ्याकडं जायचं नाही, आमची केस चालू आहे. चाचांनी टेप गुंडाळला, "फिर पानी भी कोर्ट में ही छोडो" म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले. दुकानाशेजारचा चहावाला हा किस्सा फार रंगवून सांगायचा.

आमची त्यांची गाठ पडली ती माझ्या अतिशहाणपणामुळं. गारखेड्यातल्या आमच्या घराला मी मागं एक पत्र्याची खोली काढली आणि पत्र्याचा उतार नेमका शेजारच्या कदमकाकूंच्या बाजूला दिला. दोन घरांमध्ये जेमतेम हातभर बोळ. पाऊस आला की आमच्या पत्र्यावरचं सगळं पाणी काकूंच्या भिंतीवर. काकूंनी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी म्हणालो, "काकू, पाऊस काय मी पाडतो का?" म्हणालो आणि जीभ चावली, पण उशीर झाला होता. काकूंनी बोलणं टाकलं. माझ्याशी टाकलं असतं तर चाललं असतं, पण त्यांनी आईशीही टाकलं.

आई आणि काकू वीस वर्षांच्या मैत्रिणी. दर उन्हाळ्यात कुरडयांचा चीक दोघी मिळून शिजवायच्या, एकीनं ओतायचा आणि दुसरीनं हलवायचा. त्या उन्हाळ्यात आईनं एकटीनं घाट घातला आणि चिकात गुठळ्या झाल्या. गुठळ्यांच्या कुरडया तशाच वाळवल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. पानात कुरडई आली की मला माझं ते वाक्य आठवायचं.

मग मी पन्हाळ आणली. दुकानात जाऊन, रंग बघून पसंत केली. पांढरी, प्लॅस्टिकची, नाजूक, घराला शोभेल अशी. रिमझिम पावसात ती छान चालली आणि मी दोन आठवडे ऐटीत फिरलो. जुलैतल्या एका दुपारी मात्र धो धो कोसळला. पाणी पत्र्यावरून वेगानं आलं, पन्हाळीला ओलांडून गेलं आणि आधी कधी पोचलं नव्हतं तिथं, थेट काकूंच्या खिडकीत पोचलं. काकूंनी खिडकी धाडकन लावून घेतली. आई म्हणाली, "आता तुझी अक्कल पुरे. कळणारा माणूस आण."

चाचांनी खालूनच माझी पन्हाळ पाहिली. "ये पन्हाळ नय भाऊ, करदोडा है. घराला करदोडा बांधला तुम्ही!" मग मराठीत आले. "आपल्याकडचा पाऊस एकट्या पाव्हण्यासारखा येत नाय. महिना महिना पत्ता नाय, अन् आला की वऱ्हाडासारखा, सगळा एकदम. त्याला बसायला रुंद जागा लागती." एवढं बोलून त्यांनी सायकल काकूंच्या फाटकाकडं वळवली.

मी धावलो. "चाचा, तिकडं नको. आमचं बोलणं बंद आहे."

"हौ? मग तर आधी तिकडंच."

पंधरा मिनिटांनी आतून हाक आली, "भाऊ, इकडं या जरा." वर्षभरानं मी त्या घरात पाऊल टाकलं. चाचा चहाचा कप हातात घेऊन देवघरापाशी उभे होते. भिंतीचा गिलावा फुगला होता, खाली पोपड्यांचा ढीग पडला होता आणि देव्हाऱ्याची जागा रिकामी होती. काकू माझ्याकडं न बघता चाचांना म्हणाल्या, "सांगा ह्यांना. मागच्या पावसापासून देव स्वैपाकघरात स्टुलावर हायेत."

मला कुठं बघावं कळेना. भिंतीला ओल आली असेल एवढंच मी धरून चाललो होतो. देव हलवावे लागले, हे आमच्या खोलीतून कधीच दिसलं नसतं. मला मनापासून लाज वाटली.

पाणी कुठं सोडायचं, हेही चाचांनी मला विचारलं नाही, काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "सोडा म्हणावं त्यांच्याच दारात, पुढं." पुढं पाइप आला तर घराची शोभा जाईल, असं मी पुटपुटलो. चाचा म्हणाले, "शोभा गेली भाऊ, कवाच गेली. आता पाइप लावू."

जस्ती पत्र्याची, चांगली रुंद, चौकोनी पन्हाळ त्यांनी दुकानात वाकवून आणली. उतार बघायला त्यांच्याकडं काचेची एक गोटी होती, सदऱ्याच्या खिशात कायम असायची. पन्हाळीच्या वरच्या टोकाला गोटी ठेवायची आणि कान लावून ऐकायचं. "गोटी थांबली की पाणी थांबणार, पाणी थांबलं की डास, अन् डास चावले की तुम्ही मला शिव्या देणार." मधे एका जागी गोटी अडली. बाकी कुणी ते चालवून घेतलं असतं. चाचांनी पन्हाळ पेलणारे चार आकडे पुन्हा काढले, पुन्हा ठोकले, आणि गोटी खडखडत खालच्या टोकाला पोचली तेव्हाच शिडीवरून उतरले. उतरताना एकेका पायरीवर थांबून दम घेत होते. जाताना बजावून गेले, "मोठा पाऊस आला की आपल्या घरात बसायचं नाय. शेजारी जाऊन बघायचं."

तो पाऊस यायच्या आत चाचांनी दुकान बंद केलं. चहावाल्यानं सांगितलं, की मुलगा त्यांना करमाडला घेऊन गेला. शिडी चढायची नाही अशी त्याची ताकीद होती. आमची पन्हाळ हे त्यांचं शेवटचं काम होतं आणि त्यांनी आम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नव्हता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आभाळ फुटल्यासारखं झालं. मी छत्री घेऊन काकूंच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडलं आणि न बोलता आत सरकल्या. आम्ही दोघं खिडकीशी उभे राहिलो. वर पत्रा तडतडत होता, पन्हाळ काठोकाठ भरून वाहत होती आणि मी श्वास रोखून काकूंची भिंत बघत होतो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोळात आभाळातून पडेल तेवढंच पाणी, आमच्या पत्र्याचं थेंबभरही नाही. काकूंनी भिंतीवर पालथा हात फिरवला आणि समोरच्या आमच्या खिडकीकडं बघून पावसाच्या वर आवाज काढला, "सुमे! भिंत कोरडी हाय गं! चहा टाक, मी आले!" तिकडं आई खिडकीतच उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

भिंतीतली जुनी ओल पुरती वाळायला दिवाळी उजाडली. गिलावा मी करून दिला, रंग काकूंनी निवडला. रंगाच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांना फोन लावला. आवाज बारीक झाला होता. मी उत्साहानं सांगू लागलो, "चाचा, पन्हाळ एक नंबर चालली! एवढा पाऊस झाला, पण..."

"पन्हाळीचं मला माहीत आहे," त्यांनी मला मधेच तोडलं. "ताईंचे देव जागेवर गेले का?"

"गेले, चाचा. आज सकाळीच बसवले."

पलीकडून एक मोठा सुस्कारा आला.

"हौ," चाचा म्हणाले. "मग झालं माझं काम."