सरपंचिणीची पंगत

"मी सांगस ते आयक!" एवढं म्हणून अक्का डाव्या हातानं पदर कमरेला खोचायची आणि उजवा हात अशा झपाट्यानं वर न्यायची की समोरचा माणूस आपसूक गप्प व्हायचा. तो हात कुणाला लागल्याचं मात्र ऐकिवात नाही. एकदा तो नुसता वर गेलेला पाहून चालता टेम्पो जागीच थांबला. ड्रायव्हरनं खाली उतरून आधी माफी मागितली आणि मग विचारलं, काय झालं म्हणून. खोटं वाटत असेल तर धुळ्याला या. टेम्पो नाही दाखवता येणार, पण जागा दाखवतो.

माझी पिठाची गिरणी तिच्या दारासमोरच. त्यामुळे तिच्या घरातलं फोडणीपासून भांडणापर्यंत सगळं माझ्याकडे ताजं ताजं यायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक सुरतेला दिलेली. घरात अक्का आणि तिची कोंबडी. कोंबडीचं नाव सरपंचीण. ती गल्लीतून चालायची ती मान अशी काढून, जणू नळाचं पाणी, गटार, दिवाबत्ती सगळं तिच्याच सहीनं चाललंय. पिल्लू होती तेव्हापासून अक्कानं तिला तळहातावर बाजरी चारलेली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर एका मोकाट कुत्र्यानं सरपंचिणीला धरलं. अक्का धावली, कुत्र्याच्या जबड्यातून तिनं कोंबडी ओढून काढली. त्यानंतर तो कुत्रा शाकाहारी झाला असं आमच्याकडे म्हणतात. मी स्वतः त्याला काकडी खाताना पाहिलंय. पण कोंबडीची दशा वाईट होती. पाठीचं कातडं फाटून लोंबत होतं आणि एक पाय मोडला होता.

शेजारचे नाना, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, काठी टेकत आले. वाकून पाहिलं आणि म्हणाले, "अक्का, आते काय ऱ्हायनं तिनामा? जीव शे तोपर्यंत कापी टाक. करीले जवाई येनारच शे. देवनीच जमाडी आनं म्हन!"

नानांचं तसं चूक नव्हतं. आमच्याकडे आखाजीला पुरणपोळी आणि आंब्याचा रस, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, तिखट. जावई आलेला असेल तर त्याला घरची कोंबडी लागते. दुकानातली आणली की गल्लीत चर्चा होते. त्यात अक्काचा जावई रुसण्यात नावाजलेला. लग्नात गुळवणी पातळ आहे म्हणून तो ताटावरून उठला होता, आणि त्याची समजूत घालायला साक्रीपासून पारोळ्यापर्यंतची पोक्त माणसं आली होती. तेव्हा कोंबडी वाचवायची तर जावयाचा मान जाणार, आणि त्याचे टोमणे सुरतेत लेकीला ऐकावे लागणार. हे अक्काला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

तिनं पदर खोचला. "नाना, तुम्हना पाय मोडना तवय तुमले कोनी कापं का?"

नाना काठीकडे बघत घरी गेले.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले, मोडल्या पायाला कामटी बांधली आणि सांगितलं, "अक्का, माझं काम झालं. आता तुमचं. जखमेवर माशी बसू देऊ नका, नाहीतर किडे पडतील. आणि हो, ती आपणहून दाणा टिपेल तेव्हाच वाचली म्हणा."

मग काय! पुढच्या खोलीत मच्छरदाणी बांधली. आत दुरडीत जुन्या गोधडीवर सरपंचीण, बाहेर पंखा हलवत अक्का. डास अक्काला चावत होते, पण सरपंचिणीच्या वाटेला एकही जात नव्हता. आमच्याकडे वैशाखात ओट्यावर ठेवलेला पापड न तळता फुलतो, म्हणून जावयानं दिवाळीला दिलेला कूलर तिनं ओढत आणला आणि त्याचं तोंड मच्छरदाणीकडे केलं. माझी गिरणी दुपारची बंद करायला लावली. "समोर आजारी मानूस शे, आनि तुनी आपली घरघर!" मी म्हटलं, "अक्का, माणूस?" तिचा उजवा हात हलल्यासारखा वाटला. मी पट्टा उतरवला.

जखम सुकू लागली. माशा तर गल्ली सोडून थेट चाळीसगावला गेल्या. पण सरपंचीण खाईना. अक्का ड्रॉपरनं गुळाचं पाणी आणि पातळ आंबील चोचीत सोडायची, तेवढ्यावर ती कोंबडी जीव धरून होती. दाणे समोर तसेच. मान पंखात घालून पडून राहायची. अक्का तिच्या कानाशी लागून म्हणायची, "खाय व माय, एक तरी खाय." आवाज इतका बारीक, की हाच आवाज टेम्पो थांबवत होता यावर माझा विश्वास बसेना.

आणि करीच्या दिवशी आला जावई. पांढरा शर्ट, डोळ्याला गॉगल, हातात सुरतेच्या घारीचा डबा. मागे अक्काची लेक, चेहरा उतरलेला. तिला फोनवर सगळं कळलेलं. गल्लीत प्रत्येक दारात कुणाला ना कुणाला अचानक तांदूळ निवडायचे होते. मी तर गिरणीच्या पायरीवरच ठाण मांडलं.

जावयानं खोलीत पाऊल टाकलं आणि पाहिलं तर आपण दिलेला कूलर कोंबडीला वारा घालतोय. तो जागीच उभा राहिला.

अक्कानं आडपडदा ठेवला नाही. "जवाईबापू, आज शेवभाजी शे. घरनी कोंबडी शे, पन ती आजारी शे. रुसनं व्हई ते जेवन करीसन रुसा."

लेकीनं डोळे मिटले.

जावयानं गॉगल काढला. मच्छरदाणी वर करून उकिडवा बसला. समोर तसेच पडलेले दाणे पाहून म्हणाला, "मामी, खात नाही का ही?"

"नही ना," अक्का म्हणाली. "हात जोडात, पाय धरात, खातच नही."

"एकटी कशी खाईल? माझी आई कोंबड्या पाळायची साक्रीकडं. कोंबडी एकटी खात नाही, मामी. तिला पंगत लागते." आणि वळून दाराकडे ओरडला, "ओ नाना! ओ गिरणीवाले! तांदूळ राहू द्या, इकडं या!"

मंडळी, त्या दुपारी त्या खोलीत जे झालं त्यात मी एक अक्षर वाढवत नाही, वाढवायला जागाच नाही. दुरडीभोवती आम्ही गोल बसलो. नाना मोडका पाय पसरून, मी, लेक, अक्का आणि पांढऱ्या शर्टातला जावई. प्रत्येकापुढे ताटलीत भिजवलेली बाजरी. जावयानं बोटाची चोच केली आणि ताटलीत टोचायला लागला, टक टक टक. तोंडानं "कुट कुट कुट". मग आम्ही सगळे. टक टक, कुट कुट. नानांनी उभ्या जन्मात एवढ्या मनापासून हॉर्नसुद्धा वाजवला नसेल.

सरपंचिणीनं पंखातून मान काढली. एक डोळा उघडला. पंगतीवरून नजर फिरवली, कोण आलं, कोण नाही. मग मान लांब करून जावयाच्या बोटातल्या अंगठीवर चोच मारली. ती सोन्याची आहे, खाण्याची नाही, हे कळल्यावर शेजारचा दाणा उचलला. मग दुसरा.

अक्कानं तोंडावर पदर घेतला. नाना छतावरचा पंखा बघू लागले, तो बंद होता. जावई मात्र टोचतच राहिला, आणि मग तिथंच, कोंबडीच्या शेजारी बसून त्यानं शेवभाजी चापून खाल्ली. दोनदा मागून घेतली. घाम फुटला तरी कूलर आपल्याकडे वळवू दिला नाही.

त्यानंतर अक्का बाजारात भाजी घेतानासुद्धा छाती काढून सांगायची, "मना जवाईनी वाचाडी!" समोरची बाई जावयाला डॉक्टर समजायची, आणि अक्का तिला तसं समजू द्यायची. सरपंचीण लंगडत का होईना, पुन्हा गल्लीतून तशीच मान काढून फिरू लागली. लंगडल्यामुळे उलट वजन वाढलं होतं तिचं, पुढाऱ्यांचं वाढतं तसं.

पुढं अक्काच्या डोळ्यांनी साथ सोडली. लेक म्हणाली, आता एकटं राहायचं नाही. आमच्याकडे सासरहून लेकीला आणायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. सासूला न्यायला मुऱ्हाळी होऊन आलेला जावई मी तो एकच पाहिला.

आम्ही सगळे स्टँडवर गेलो. कंडक्टर दारातच आडवा आला. "कोंबडी मागं डिकीत टाका."

जावयानं दुरडी छातीशी धरली. "भाऊ, तिकीट लागत असेल तर फाडा. पण ती माझ्या मांडीवर बसणार. आमच्या घरातलं माणूस आहे."

कंडक्टर बाजूला झाला. गाडी सुरू झाली. आम्ही हात हलवले, नानांनी काठी हलवली, मी "अक्का, अक्का" म्हणून ओरडलो. जावयाच्या मांडीवरच्या दुरडीतून मान काढून सरपंचीण साऱ्या स्टँडची पाहणी करत होती.

अक्कानं आमच्याकडे पाहिलंच नाही. अधू डोळे बारीक करून, हनुवटी वर करून, ती जावयाकडे पाहत होती.