निरंक

ताई गेल्याचा भाचीचा फोन आला तेव्हा रडू आलं. राग आला तो दहा दिवसांनी. सुरतेत पांडेसऱ्याच्या ज्या डाइंग मिलमध्ये ताईची नोकरी झाली, तिच्याच कँटीनमध्ये शोकसभा होती. हार घातलेला फोटो आणि खाली फ्लेक्सवर ठळक अक्षरांत, 'अठ्ठावीस वर्षांची सेवा, शून्य चूक'. मिलचे शेठ हात जोडून म्हणाले, "बेनना काममां क्यारेय भूल नथी थई." मी तडक उठलो. दाराशी चपला सापडेनात. शून्य! या माणसांना अजून तोच एक शब्द येतो.

ताईला तो शब्द खपायचा नाही. लग्न होऊन ती अकोल्याहून सुरतेला आली, मागोमाग मीही इथल्या मराठी शाळेत मास्तर झालो, आणि रविवारचं जेवण कायम तिच्याकडे. प्यायचा ग्लास ती तीनदा विसळायची, मिलच्या लॅबमधली सवय. मी चिडवायचो, "झाला का शून्य?" ती म्हणायची, "शून्य होत नसतो रे मास्तर. दर वेळी थोडं कमी उरतं. तिसऱ्यांदा इतकं कमी, की आपलं काही बिघडत नाही. पण उरतं." मला ही नुसती घासाघीस वाटायची. उरलेलं दिसत नाही, बाधत नाही, मग आहे कशाला म्हणायचं?

बमरोलीला मिलच्या कामगारांची वसाहत आहे. रंगाचं रसायन झिरपलंय का, हे बघायला तिथल्या बोअरचं पाणी ताई तपासायची. एका वर्षी तिचा निकाल पाटीवर लावायचं ठरलं. वस्तीत बहुतेक घरं खानदेशी, म्हणून मराठीतून. "तुझं मराठी चांगलं, नीट लिहून दे," म्हणत तिनं कागद माझ्याकडे दिला. मजकूर साधा होता... 'यंत्राला दिसेल इतकं रसायन आढळलं नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावं.' मला तो पसरट वाटला. शाळेची माहितीपत्रकं भरून माझा हात बसलेला, रिकाम्या रकान्यात डोळे मिटून 'निरंक' लिहायचं. मी ऐटीत लिहिलं, 'दूषित घटक : निरंक'. आणि जे नाहीच ते पुन्हा काय तपासायचं, म्हणून दुसरं वाक्य उडवलं. कागद ताईला न दाखवता थेट मिलमध्ये पोचवला. "निरंक एटले झीरो ने? सरस!" शेठ खूश. चार दिवसांत पाटी लागली, खाली ताईचं नाव.

ताईनं ती पाहिली त्या संध्याकाळी पहिल्यांदा मी तिच्या तोंडून आमचं अकोल्याचं वऱ्हाडी रागात ऐकलं. "तुले कोणी सांगितलं होतं बे छाटाले? पाणी आज पोरांना पाजायला हरकत नाही, मीच सांगते पाजा म्हणून. पण थोडं आहे म्हटलं तर माणूस पुढच्या वर्षी बघायला येतो. काहीच नाही म्हटलं की कोण येतो?" पाटी बदला म्हणून ती शेठकडे गेली. "अरे बेन, एमां शुं फरक पडे?" असं त्यांनी हसत विचारलं. मीही घरी तेच विचारलं होतं, फक्त मराठीत.

पाटीच निरंक म्हणते म्हणून मिलनं तपासणी बंद केली. पुढच्या पावसाळ्यानंतर नळाला गुलाबीसर पाणी येऊ लागलं. एक बाई हातावर पुरळ उठलेलं लेकरू घेऊन ताईच्या दारात आली. "ताई, पाटीवर त निरंक लिखेल शे ना?" तिनं भांडण केलं नाही, नुसतं विचारलं. मी तिथेच सोफ्यावर बसलो होतो. बोअर बंद झाली, पोरं बरी झाली, पण कुणाच्या तरी गळ्यात दोष घालायचा होता. ताईनं आपल्या अहवालाची प्रत दाखवली. आढळलं नाही आणि निरंक, दोन्ही एकच, असं तिला ऐकवलं गेलं. लॅबमधून उठवून तिला गोदामात कापडाचे तागे मोजायला बसवलं. शेवटची दोन वर्षं तिनं तिथेच काढली. पाटी कुणी लिहिली हे तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. मीही शेठकडे जाऊन सांगितलं नाही. आणि त्या शोकसभेत उभं राहून सांगता आलं असतं, की चूक झाली होती आणि ती माझी होती... तर मी चपला शोधत बसलो.

गेल्या रविवारी ताईच्या घरी गेलो. तिचा स्टीलचा ग्लास मोरीच्या फळीवर उपडा होता. घेतला आणि विसळायला लागलो. एकदा, दोनदा, तीनदा... हात थांबेना.

"मामा, आई तीनदाच धुवायची," भाची म्हणाली.

मी नळ बंद केला. तिला समोर बसवलं आणि बमरोलीच्या पाटीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. निरंक कुणी लिहिलं, तेही.