गोधडीखाली दिसलेली ठिणगी

संगमनेर सोडलं तेव्हा सकाळचे सात वाजले होते. प्रवरेच्या पुलावर हवा इतकी ओलसर होती की चष्मा दोनदा पुसावा लागला. नागपंचमीचा आदला दिवस. निघताना दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि उगाच थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. ‘पोचल्यावर फोन करा’ असं म्हणणारं घरात कुणी उरलेलं नाही, ही गोष्ट दोन वर्षांनंतरही कुलूप लावतानाच आठवते.

पंचमीला बायका माहेरी जातात. मी निघालो होतो बायकोच्या, मंदाच्या माहेरी, तेही बायकोशिवाय. माझी मेहुणी शकू मिरजगावात असते. सासू-सासरे गेल्यापासून मंदाचं माहेर म्हणजे शकूचंच घर. मंदा गेल्यानंतरच्या पहिल्या पंचमीला मी घरातच बसून राहिलो होतो. या वर्षी शकूचा फोन आला, “दाजी, ताई न्हाई म्हनून तुमी पंचमी बंद करू नका.” मी हो म्हणालो आणि एसटीने न जाता जुनी मोटारसायकल बाहेर काढली.

या गाडीबद्दल आधी सांगायला हवं. घेतली तेव्हा माझे केस काळे होते. उन्हात ती शहाण्यासारखी चालते, पण हवा ओली झाली की तिचं बिनसतं. आधी खोकते, मग धक्के देते, चढ आला की मान टाकते. माझी नोकरी शाळेत विज्ञान शिकवण्याची. तीस वर्षं मुलांना वीज शिकवली, पण स्वतःच्या गाडीचं दुखणं काही सापडलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! यंदा मात्र मनाशी ठरवलं होतं, वाटेत बंद पडली तर तिला मिरजगावातच भंगारात द्यायची आणि एसटीने परत यायचं. माझ्याकडे आता सोबत म्हणावी अशी ती एकच वस्तू होती, म्हणून हे ठरवणं वाटलं तितकं सोपं गेलं नाही.

साकूरमार्गे टाकळी ढोकेश्वरपर्यंत सगळं ठीक चाललं. दोन्ही बाजूंना बाजरी आणि मूग, आणि आभाळ खाली आलेलं. पारनेरच्या माळावर भुरभुर सुरू झाली आणि गाडीने पहिला खोकला काढला. पुढचे पंधरा किलोमीटर मी तिला चुचकारत, शिव्या देत, कधी पहिल्या तर कधी दुसऱ्या गिअरवर ओढत नेलं. सुप्याच्या अलीकडच्या चढावर ती बंद पडली. ढकलत वर आलो, गॅरेज शोधलं, तोवर भुरभुर थांबून लख्ख ऊन पडलं.

गॅरेजवाल्याच्या दारात कारखान्यातल्या पोरांच्या चकचकीत गाड्या उभ्या होत्या. त्याने माझ्या गाडीला एक किक मारली. ती लगेच सुरू झाली.

“काका, गाडी एक नंबर हाय की!”

“आत्ता आहे. पावसात नसते.”

“प्लग साफ करून देतो. कचरा आसंल.”

गेली कित्येक वर्षं हेच चाललं होतं. कुणी प्लग बदलला, कुणी कार्बोरेटर उघडला, आणि प्रत्येक वेळी गाडी बरी झाली, कारण तोवर ती वाळलेली असायची.

तिथून जवळच, रस्त्याकडेला एक चहाची टपरी आहे. तिच्यासमोर मी थांबलो नाही. पंधरा वर्षांपूर्वी अशाच भुरभुरीत, मंदा मागे बसलेली असताना, गाडी तिथे बंद पडली होती. चार माणसं चहा पीत उभी होती. ती बघताहेत म्हटल्यावर मला विनोद सुचला. “गाडीला मास्तर झेपतो, मास्तरीणबाई झेपत नाहीत,” मी मोठ्याने म्हणालो. सगळे हसले. मंदाही हसली. पण पुढच्या श्रावणापासून ती पंचमीला एसटीने जायला लागली. गाडीवर भिजायला होतं, असं म्हणायची. मला ते खरं वाटलं, किंवा खरं वाटून घेणं सोयीचं होतं.

नगर ओलांडून सोलापूर रस्त्याला लागलो आणि पुन्हा पाऊस गाठला. रुईछत्तिशीजवळ गाडीने जी मान टाकली ती टाकलीच. हातपाय गार पडले होते, भूकही लागली होती. रस्त्याच्या कडेला बसून रडावं असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर बघायला कुणी असतं तर रडलोही असतो. समोर एक पत्र्याचं दुकान दिसलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘मोटार वाइंडिंग’ (विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की त्यांना नवी तार गुंडाळून देतात ते). गाडीचं काम तिथे होणार नव्हतं, पण छप्पर तरी होतं.

आत पन्नाशीचा एक माणूस तारेची वेटोळी मोजत बसला होता. त्याचं नाव बबनराव. मी म्हणालो, “जरा पाऊस थांबेपर्यंत बसतो. उन्हात गाडी आपोआप सुरू होते.”

“उनात सुरू हुती?” त्याने मान वर केली. “आन वल्या हवंला बंद? मंग पाव्हणं, उनात काय बगायचं? आजारी मानूस बरा झाल्यावर डाक्टरकडं न्हेता व्हय तुमी?”

प्रयोग कोणत्या परिस्थितीत करायचा, हे मला, विज्ञानाच्या मास्तरला, मोटार गुंडाळणारा माणूस सांगत होता.

गाडी आडोशाला घेऊन, प्लग पुसून, बऱ्याच किका मारून त्याने ती कशीबशी सुरू केली. मग आतल्या बाजेवरची गोधडी आणली आणि सायलेन्सर तेवढा बाहेर ठेवून सगळ्या गाडीवर पांघरली. एका हातात रोपांवर पाणी फवारायची छोटी बाटली घेतली आणि मला म्हणाला, “या आत. डोकं घाला. ठिनगी बगायला आंधार लागतो.”

अशा रीतीने भर दुपारी, सोलापूर रस्त्याच्या कडेला, दोन वयस्क माणसं एका गोधडीत शिरली. आत पेट्रोलचा वास होता, बबनरावांच्या हाताला वॉर्निशचा वास होता आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला घट्ट टेकला होता. दोन वर्षांत इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं. त्या खांद्याची ऊब मला इतकी बरी वाटली की ठिणगी जरा उशिराच दिसावी, असा चोरटा विचार मनात येऊन गेला.

बबनरावांनी पाण्याचा फवारा मारला. इंजिन खोकलं, आणि टाकीखालून येणाऱ्या प्लगच्या जाड वायरवर एक निळी ठिणगी चमकली. मग दुसरी. वायरमधून प्लगकडे जाण्याऐवजी वीज मध्येच बाहेर पडून लोखंडी सांगाड्यात उडी मारत होती.

“दिसली का? वायर फ्रेमला घासून तडकली हाय. वाळली की काम भागतं. वली झाली की ठिनगी बाहीर.”

“चढावर जास्त का बंद पडते मग?”

“लोड आला की आत ठिनगीला जोर लागतो. तिला आत जायला जड, बाहीर सोपं. वीज सोपी वाट धरती बगा.”

वीज सोपी वाट धरते. हे वाक्य मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो.

शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून कॉइलसकट नवी वायर आणली. ती बसवायला पंधरा मिनिटं लागली. पुन्हा फवारा मारला, पण इंजिन अडखळलं नाही. मी त्यांचे आभार मानायला लागलो, तर बबनरावांनी हात झटकला. “अजून पक्कं न्हाई. मागं कुनीतरी बशीवून चढावर न्या, पावसात. लोड दिल्याबिगर खरी पारख हुत न्हाई.”

मिरजगावला पोचलो तेव्हा शकू दारातच उभी होती. माझ्यामागच्या रिकाम्या सीटकडे तिची नजर क्षणभर गेली आणि परत आली.

दुसऱ्या दिवशी बायका वारुळाला निघाल्या. वारूळ गावाबाहेर चढावर, आणि पाऊस बारीक पण न थांबणारा. शकूचा गुडघा दुखत होता. मी म्हणालो, “बस मागे. गाडीची परीक्षाही होईल.”

“नगं बाई! मी ताईपरीस जाड हाय.”

“बस गं.”

ती लाह्या-दुधाचं ताट पदराखाली धरून बसली. चढ आला. गाडी एकदाही न अडखळता, एका सुरात वर चढली. मला आनंद व्हायला हवा होता. तेवढ्यात मागून शकूचा आवाज आला, अगदी मंदासारखा.

“दाजी, ही तर झ्याक वडती की! मंग ताई आसं का म्हनायची?”

“कसं?”

“पंचमीला आली की दिंड (पुरणाचं, वाफवलेलं) येकच खायची. दुसरं वाढलं की म्हनायची, नगं, आमच्या ह्यांच्या गाडीला माझं वजन झेपत न्हाई. मी म्हनायची, आगं एसटीला तर झेपतंय. तर म्हनायची, बारीक झाले तर पुढल्या वर्सी गाडीवर येईन.”

हेल्मेटची काच बाहेरून पावसाने भिजली होती आणि आतूनही दिसेनासं झालं होतं. वारुळापाशी शकू उतरली आणि माझ्या तोंडाकडे न बघता पुढे गेली, एवढं तिला कळलं होतं. दुपारी तिने माझ्या पानात दिंडं वाढली. पहिलंही पानातच राहिलं.

परतीच्या दिवशी पाऊस थेट नगरपर्यंत सोबत होता. बबनरावांच्या दुकानापाशी थांबलो.

“बशीवलं का मागं कुनाला?”

“बसवलं. ओढली.”

“मंग झालं तर!” ते म्हणाले आणि पुन्हा वेटोळी मोजायला लागले.

गाडी भंगारात गेली नाही. मी खूश असायला हवं होतं, पण खरं सांगतो, त्या सगळ्या ओल्या रस्त्यावर ती एकदा तरी खोकावी असं मला वाटत होतं. खोकली असती तर गाडीच मुळात अशक्त आहे, माझा विनोद निव्वळ खोटा नव्हता, असं तरी म्हणता आलं असतं. ती खोकली नाही.

सुप्याच्या टपरीसमोर या वेळी थांबलो. फळ्यावर चुकीचं लिहिलं गेलं तर त्याच फळ्यावर, सगळ्यांसमोर दुरुस्त करावं, असं मी मुलांना सांगत आलो. टपरीवर चहावाला तेव्हाचाच होता, फक्त पिकलेला. तीन-चार गिऱ्हाइकं चहा पीत होती. मी मोठ्याने म्हणालो, “पंधरा वर्षांपूर्वी इथे माझी गाडी बंद पडली होती. बायकोच्या वजनाने पडली असं मी म्हणालो होतो, तुम्ही हसला होता. ते चूक होतं. वायर तडकली होती.”

गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत राहिली. टपरीवाल्याला अर्थातच काही आठवत नव्हतं. त्याने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, थोडा विचार केला आणि विचारलं, “मंग बाईंना सांगितलं का?”

चहा तसाच ठेवून मी बाहेर आलो. भुरभुर सुरू होती. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.