फळी सात पावलं जवळ

मले सकाळी बसवत नाही. जवानीत लोकाइच्या वावरात निंदाले, सोंगाले जायाची सवय पडली, आता सत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी उजाडलं की पाय घरात टिकत नाहीत. म्हनून औंदा नात म्हने, "आजी, तू उगाच आंगनात येरझाऱ्या मारतं. त्यापक्षा वावरात चाल, माही नेमाची फळी लावत जाय." मले काम भेटलं, मी खुश झाली. आन् त्याच कामात माह्या हातून चूक झाली.

नात माही पिस्तूल चालोते. खेळातलं, हवेचं. तिची माय म्हंजे माही लेक, ते ही पोट्टी तीन वर्साची असताना गेली. तवापासून ते माह्यापाशीच हाये. कालेजात एका सरांनं तिचा हात पाह्यला आन् म्हने हिचा हात हालत नाही. मंग ते मेडशीहून यष्टीनं वाशिमले जायाले लागली. तिथं टिनाच्या शेडात दहा मीटरवर कागद लावते, त्याच्यावर छर्रे मारते. चार साल झाले. दहा मीटरवर तिचा हात चांगला बसला, पन दोन-चार पोरी तिच्याहून सरस निंगाल्या.

औंदा सर म्हने, स्पर्धेच्या निवडीले एकाच ठिकानी नाव देता येते. दहा मीटर नाही तं पंचवीस मीटर. पंचवीसात पोरी कमी हायेत, तिथं जागा हाये. पन पंचवीस मीटरची जागा आपल्या जिल्ह्यात नाही, तिथलं काडतुसाचं पिस्तूल बी नाही; हात हवेच्या पिस्तुलावरच बसवाचा. "वावरात टेपानं मोजून फळी लाव," सर म्हने, "पंधरा दिवस रोजचे कागद जमा कर, मले आनून दाखव. कागद पाहून नाव टाकतो." पुढल्या साली तिचं वय या गटातून निंगून जाते. म्हंजे हेच साल होतं.

सोयाबीन निंगालं होतं, वावर मोकळं होतं. धुऱ्यापाशी, म्हंजे वावराच्या बांधापाशी, मातीचा मोठा ढीग हाये, त्याच्या पुढं आमी फळी लावली. तिनं टेपानं मोजलं, आपल्या उभं राह्याच्या जागी दगड ठेवला. रोज संध्याकाळी फळी काढून घरी आनाची, कारन जनावरं पाडतात. रोज सकाळी मी पहिले जाऊन पहारीनं छिद्र उकरून बांबू रोवाचे, फळी बांधाची, कागद लावाचा, आन् तिच्या मांगं येऊन बसाचं.

पहिल्या दिवशी पाह्यलं तं पोट्टीचं तोंड उतरलं. दहावर जे छर्रे एका जागी पडत, ते पंचवीसावर साऱ्या कागदभर उधळले. दोन तं कागदालेच लागले नाहीत.

"आजी, मी तीच, हात तोच, मंग काहून?"

म्या म्हनलं, "मले काय इचारतं? मी काय फौजदार हावो?"

मंग तिनंच सांगतलं. सर म्हनते, पिस्तुलाच्या टोकाशी तीळभर हाललं तं तिकडं पेरूएवढं हालते. जवळ चूक झाकून जाते, दूर गेली की उघडी पडते. आन् दूरचा कागद पाह्याचाच नाही म्हने. नळीच्या टोकावर नेम धराचा काळा दात असते, तो पाह्याचा. कागद पुसट दिसला तं दिसू द्याचा.

दुपारी ते आंगनात कोऱ्या भिंतीसमोर उभी राहे. पिस्तुलात छर्रा नाही, भिंतीवर कागद नाही. नळीवर शर्टाचं बटन ठेवलेलं. चाप वढते, बटन पडते. पुन्हा ठेवते.

"नेम कशाचा धरून राह्यली वं?"

"कशाचाच नाही. चाप वढताना टोक हालते का, ते पाह्यते."

तिची खोड मले बी दिसे. छर्रा सुटला की हात खाली आन् मान वर, कुठं लागला ते पाह्याले. सर फोनवर बोंबलत, "सुटल्यावर दोन श्वास तसंच उभी राय!" पन तिले दम निंगत नव्हता. दमाच्या बाबतीत ते माह्यावरच गेली.

तीन दिवस कागद खराब आले. चौथ्या दिवशी तिनं भाकर अर्धी ठेवली. मले ते पाहावलं नाही.

आमच्या बायाइची एक रीत हाये. निंदाले गेलं की हरेक बाईले आपली आपली पात असते, म्हंजे वावराचा एक पट्टा. साऱ्या बायाइनं संगंच धुऱ्याले लागाचं. एखादी मांगं राह्यली, तिले ताप हाये का पोटात लेकरू हाये, तं बाजूची बाई काई बोलत नाही. आपलं खुरपं हळूच तिच्या पातीत घालते. मालकाले दिसू द्याचं नाही. तिले बी दिसू द्याचं नाही, तिले लाज वाटते. माही लेक पोटात होती तवा माही पात कोनाकोनाइनं वढली, मले आजवर मालूम नाही. मी बी लय जनीइच्या वढल्या. म्हनून तं जगलो आमी.

तसंच केलं म्या. पाचव्या दिवशी बांबूचं छिद्र एक पाऊल अलीकडं घेतलं. माहं पाऊल केवढं, दोन फुटाचं. सहाव्या दिवशी आनखी एक. मोकळ्या वावरात फळी कुठं हाये ते कोनाले उमजते? दगडाले म्या हात लावला नाही. तो तिचा होता.

कागद सुधरले. पोट्टी हासाले लागली.

"आजी, आज कागद मोठा दिसून राह्यला वं."

"डोळा बसला तुहा," म्या म्हनलं.

सात पावलं झाले. सात दिवसाचे कागद तिनं पुठ्ठ्याच्या खोक्यात सपाट ठेवले, एकावर एक. एका कागदात तं दहाच्या दहा छर्रे काळ्या गोलात. तिनं त्याचा फोटो सरांले धाडला. सरांचा फोन आला. ते आंगनभर नाचली. "सर म्हनते, बाकीचे बी असेच असले तं पंचवीसातच नाव टाकतो!"

मी चुलीपाशी होती. तव्यावरची भाकर तशीच राह्यली, करपली.

त्या दिवसापासून मले चैन पडलं नाही. निंदाच्या वावरात धुरा लागला की काम सरते, तिथं कोनी टेप घेऊन येत नाही. इथं तं पुढं खरं मैदान होतं. तिथं फळी सरकवाले कोन जाईन? मी घरात जाओ, बाहेर येओ, पान्याचा हंडा भरलेलाच असे तरी हापशीवर जाओ. शेजारीन, माह्याच वयाची, संगं कामाले गेलेली, ते म्हने, "काहून वं, पायाले इंचू चावला का तुह्या?"

तिले सांगतलं. ते म्हने, "बोलू नको. पोट्टीचं मन मोडशीन. जमते तिले तं जमू दे."

"जमत नाही वं. मी जमवून राह्यली."

कागद घेऊन जायाच्या पाच दिवस पहिले दुपारी म्या पोट्टीले म्हनलं, "टेप आन."

"कायले?"

"आन म्हनलं ना."

दगडापाशी तिनं टेपाचं टोक धरलं, मी फळीपर्यंत वढत नेला. ते आली, आकडा पाह्यला. पुन्हा दगडापाशी जाऊन पाह्यलं. पुन्हा आली.

"आजी, हे एकवीस बी भरत नाही."

"म्या सरकवली."

"कवा?"

"रोज. एक एक पाऊल."

पहिले ते हासली. तिले वाटलं बुढी गंमत करते. मंग माह्या तोंडाकडं पाह्यलं.

"काहून?"

"तू मांगं राहून राह्यली होती."

"मंग? मी तुले लंगडी दिसली काय?" तिचा आवाज चढला. "माह्यासाठी केलं, समजलं. पन मले इचारलं होतं? तिथं मैदानावर तू येशीन काय खुरपं घेऊन, फळी वढाले?"

आमच्यात इचारत नाहीत म्हनून आमी कोनी कवाच इचारलं नाही. इचारलं असतं तं कोनी हो म्हनलं नसतं, हे बी खरं.

तिनं पहार माह्या हातातून घेतली. स्वता मोजलं, स्वता बांबू रोवले. मी मांगं जाऊन बसली. दहा छर्रे मारले. छर्रा सुटल्यावर हात खाली नाही आला, दोन श्वास तशीच उभी राह्यली. तेवढं तिच्यात आलं होतं. कागद आनला. पहिल्या दिवसासारखा उधळला नव्हता, एक बी छर्रा बाहेर गेला नव्हता. पन काळ्यात तीनच.

तिथंच उभी राहून तिनं सरांले फोन लावला.

"सर, अंतर मोजताना चूक झाली. ते सारे कागद खोटे हायेत."

"कोनं मोजलं?" सरांचा आवाज मलेबी ऐकू आला.

"मीच मोजलं, सर."

मी फोन मांगाले हात पुढं केला. तिनं पाठ फिरवली.

सर म्हने, पाच दिवसात खरे कागद आन. पाच दिवस ते सकाळ-दुपार मारत राह्यली. रोज एखादा छर्रा जादा काळ्यात जाये. शेवटच्या कागदात सहा होते. ते घेऊन यष्टीत बसली. दिवसभर मी सडकेवर जाओ आन् वापस येओ. संध्याकाळी उतरली, दोन्ही हाताचे बोटं दाखवून म्हने, "दहा." म्हंजे नाव दहा मीटरात टाकलं. मंग निवड झाली, तिथं चार पोरी घेतल्या. आपली पाचवी आली.

ते पाच दिवसात तीनावरून सहावर आली, हे म्या डोळ्यानं पाह्यलं. मांगचे ते सात दिवस बी खऱ्या अंतरावर भेटले असते तं? हा हिशेब मले सुटत नाही. भाकर थापता थापता हात थांबते.

म्या तिले एकदा इचारलं, "राग हाये माह्यावर?"

"राग नाही आजी. पन तू चांगलं म्हनलं की मले आता टेप पाहावा लागते."

आता ते मोठ्या बायाइच्या गटात उतरनार हाये, पंचवीसातच. तिथं वयाची अट नाही, पन पोरी लय तयार असतात म्हने. सकाळी फळी तेच लावते, टेप बी तेच धरते. मी धुऱ्यावर बसतो. छर्रा सुटल्याचा बारीक आवाज येते, मंग दोन श्वासाइची शांतता, मंग पुढचा. दहा झाले की ते कागद आनाले जाते, तिथंच उभी राहून पाह्यते, घडी न करता पिशवीत ठेवते. कसा आला ते सांगत नाही. मी बी इचारत नाही. उठतो, बसतो, पुन्हा उठतो.